नामक्रम आणि श्रेय

खानदेशातील धरणगाव हे बालकवी ठोमरे यांचे जन्मगाव. १८९० साली तेथे जन्मलेल्या या कवीस १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात डॉ. कीर्तिकर यांनी ‘बालकवी’ ही पदवी दिली. गौरव कोणाच्या कवितेचा झाला, हा प्रश्न त्या सभेत कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. कविता एकाची, नाव एकाचे आणि मानही एकाचा, असा काव्याचा व्यवहार सरळ असतो. शास्त्राचा व्यवहार मात्र आता तसा राहिलेला नाही. आज गणिताचा किंवा अर्थशास्त्राचा एखादा निबंध उघडावा, तर त्याच्या शिरोभागी दोन, तीन, पाच अशी नावे आढळतात, आणि ती सारी इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असतात. वैद्यक किंवा रसायन या शास्त्रांत निराळी रीत आहे. तेथे ज्याने प्रत्यक्ष काम केले त्याचे नाव बहुधा प्रथम येते आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे अखेरीस येते. परंतु जेथे नावे केवळ आडनावाच्या आद्याक्षरावर लागतात, तेथे कोणी किती काम केले हे वाचणाऱ्यास कसे कळावे? प्रश्न दिसण्यास लहान आहे. तथापि त्यावर तरुण अभ्यासकांच्या नेमणुका, बढत्या आणि कधीकधी आयुष्यभराची कीर्ती अवलंबून असते.

या प्रश्नाचे एक उत्तर खानदेशच्याच भूमीत फार पूर्वी दिले गेले आहे. धरणगावाहून दक्षिणेकडे चाळीसगावास जावे आणि तेथून डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पाटण या स्थळी जावे. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणला. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आपल्या आजोबांचे, म्हणजे भास्कराचार्यांचे, ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला, त्याचा हा लेख इ. स. १२०७ च्या सुमाराचा आहे. त्यात त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंतच्या पिढ्या नावानिशी सांगितल्या आहेत, कोणी कोणत्या विद्येत नाव मिळविले ते सांगितले आहे, आणि मठास आश्रय देणाऱ्या निकुंभ घराण्यातील राजपुरुषांचाही निर्देश केला आहे. स्वतः भास्कराचार्यांनीही आपल्या बीजगणिताच्या शेवटी ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची नावे घेतली आहेत. त्यांचे ग्रंथ अतिविस्तृत असल्यामुळे त्यांतील सार आपण शिष्यांसाठी काढले, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. यात पूर्वसूरींचे ऋण मान्य झाले आणि स्वतःचे काम कोणते तेही सांगून झाले. श्रेयाची वाटणी येथे शब्दांनी केलेली आहे, नावांच्या क्रमावर ती सोपविलेली नाही.

याच भास्कराचार्यांच्या लीलावतीत ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे. दिलेले अंक किती निरनिराळ्या क्रमांनी मांडता येतात, याचे गणित त्यात आहे. तोच हिशेब नावांस लावला, तर तीन लेखकांची नावे ६ प्रकारांनी मांडता येतात, पाच लेखकांची १२० प्रकारांनी. या १२० क्रमांपैकी कोणताही एक निबंधावर छापला, की वाचक त्यातून काही अर्थ काढू पाहतो. पहिला तो मोठा, शेवटचा तो धाकटा, असे मनुष्याच्या मनास सहज वाटते. वर्णानुक्रमाची रीत हा अर्थच नाहीसा करू पाहते. आम्ही आपसांत मोजमाप केलेले नाही, तुम्हीही करू नका, असे ती वाचकास सांगते.

या रीतीमागची वृत्ती समजण्यास केंब्रिजच्या हार्डी आणि लिटलवुड या गणितज्ञांचे उदाहरण पुरेसे आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून सुमारे पस्तीस वर्षे या दोघांनी मिळून शंभराच्या आसपास निबंध लिहिले. त्यांच्या सहकार्याचे चार नियम डेन्मार्कचे गणितज्ञ हाराल्ड बोर यांनी सांगून ठेवले आहेत. एकाने दुसऱ्यास लिहिलेले बरोबर आहे की चूक याची चिंता करावयाची नाही. आलेले पत्र वाचण्याचे किंवा त्यास उत्तर देण्याचे बंधन नाही. दोघांनी एकाच तपशिलावर एकाच वेळी विचार न करणे बरे. आणि निबंधात एकाने काडीचीही भर घातली नसली, तरी तो दोघांच्या नावे प्रसिद्ध व्हावयास हरकत नाही. हा चौथा नियम मोठ्या मनाचा आहे. ज्याच्याशी मैत्री आणि विद्या दोन्ही जुळली, त्याच्याशी पैपैचा हिशेब कोण करील? परंतु याच जोडीविषयी, लिटलवुड नावाचा मनुष्य मुळी नाहीच, हार्डीने तो कल्पिलेला आहे, असा विनोद पुढे रूढ झाला होता. दोघेही आपापल्या परीने थोर होते, म्हणून विनोद विनोदच राहिला. दुसरे नाव एखाद्या नवख्याचे असते, तर त्यावर हसणे त्यास परवडले नसते.

महाराष्ट्राशी जवळचा संबंध असलेले एक उदाहरण या विषयावर विशेष प्रकाश टाकते. १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात ऑयलर या थोर गणितज्ञाने एक कोडे मांडले होते. सहा पलटणींतून सहा-सहा हुद्द्यांचे मिळून ३६ अधिकारी घ्यावेत आणि त्यांस सहा ओळी व सहा स्तंभ अशा चौकोनात उभे करावे. अट एवढीच, की प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटणीचा एक आणि प्रत्येक हुद्द्याचा एक अधिकारी यावा. ऑयलरला ते जमले नाही. ६, १०, १४, १८, २२ अशा, म्हणजे चाराने भागता दोन उरणाऱ्या, कोणत्याही संख्येचा असा चौकोन होणे शक्य नाही, असा तर्क त्याने केला. सहाच्या बाबतीत तर्क खरा असल्याचे फ्रान्सच्या टॅरी यांनी १९०० च्या सुमारास सिद्ध केले. बाकीच्या संख्यांविषयी मात्र पावणेदोनशेहून अधिक वर्षे कोणास काही ठरविता आले नाही.

१९५९ साली हा तर्क कोसळला. तो पाडणारे तिघे होते. राजचंद्र बोस हे कलकत्त्याच्या संख्याशास्त्र संस्थेतून अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेलेले आचार्य. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे हे त्यांचे शिष्य. यांचा जन्म १९१७ साली सागर येथे झाला, नागपुरात त्यांनी अध्यापन केले आणि १९५० साली बोस यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळविली. तिसरे अर्नेस्ट पार्कर हे त्या वेळी गणकयंत्रे तयार करणाऱ्या एका कंपनीत काम करीत होते. प्रथम पार्कर यांनी याच प्रकारच्या चौकोनांविषयीची दुसरी एक जुनी समजूत चुकीची ठरविली. त्यामुळे बोस आणि श्रीखंडे यांचे लक्ष या प्रश्नाकडे पुन्हा वेधले गेले आणि त्यांनी २२ चा चौकोन रचून दाखविला. त्यानंतर पार्कर यांनी १० चा चौकोन रचला. पुढे तिघांनी मिळून सिद्ध केले, की या मालिकेतील सहाहून मोठ्या प्रत्येक संख्येचा चौकोन रचता येतो. ही वार्ता ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर झळकली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले, १९७८ साली निवृत्त झाले आणि २०२० साली वयाच्या १०२ व्या वर्षी निवर्तले.

या तिघांचे श्रेय निरनिराळे सांगता येते, याचे कारण ध्यानी घेण्यासारखे आहे. १९५९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात बोस व श्रीखंडे यांचा एक लेख आणि पार्कर यांचा दुसरा, असे दोन स्वतंत्र लेख प्रसिद्ध झाले. २२ चा चौकोन कोणाचा आणि १० चा कोणाचा, हे त्यामुळे कायमचे नोंदले गेले. त्यानंतर १९६० साली तिघांचा एकत्र निबंध कॅनडाच्या गणितविषयक नियतकालिकात आला. त्यावर नावे बोस, श्रीखंडे, पार्कर अशा क्रमाने आहेत. गणितात सामान्यतः वर्णानुक्रम पाळतात, पण येथे तो पाळलेला नाही. पाळला असता तर पार्कर मध्ये आणि श्रीखंडे शेवटी आले असते. तो एकच निबंध आज हाती असता आणि आधीचे दोन नसते, तर या क्रमावरून कोणी काय केले हे कोणासही सांगता आले नसते. श्रेय राखले ते त्या दोन छोट्या लेखांनी.

वर्णानुक्रम हा निःपक्षपाती न्याय आहे असे समजणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. याच तिघांची नावे देवनागरी वर्णमालेने लावली, तर पार्कर प्रथम, बोस दुसरे आणि श्रीखंडे तिसरे येतात. ‘हॉइल-नारळीकर सिद्धांत’ हे नाव सुशिक्षित मराठी घरांतून परिचित आहे. १९६४ साली मांडल्या गेलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या या सिद्धांतात गुरू फ्रेड हॉइल यांचे नाव आधी आणि कोल्हापुरास जन्मलेले शिष्य जयंत नारळीकर यांचे नंतर येते. इंग्रजी वर्णमालेने तसेच यावे. आपल्या वर्णमालेत ‘न’ आधी आणि ‘ह’ अगदी अखेरीस असल्यामुळे शिष्य गुरूच्या पुढे उभा राहिला असता. काम तेच, माणसे तीच; लिपी बदलताच मानाची जागा बदलते. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ पाहा. शब्द सारे वर्णानुक्रमाने लाविलेले, पण संपादकांच्या जोडनावात ‘द’ आधी आणि ‘क’ नंतर! तेथे वेगळाच क्रम चालला, आणि तो कोशाच्या कामास कोठेही बाधला नाही.

कधीकधी तर कोणता नियम लागला हेही कळत नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याविषयी केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. माणशी २२५० उष्मांकांचा आहार हा आधार धरून त्यांनी दारिद्र्याची मर्यादा ठरविली आणि पुढील सारी चर्चा त्या मापाभोवती फिरली. ‘दांडेकर-रथ’ हा क्रम इंग्रजी वर्णमालेने बरोबर, देवनागरीने बरोबर आणि ज्येष्ठतेनेही बरोबर. मग तो यांपैकी कशामुळे आला? नुसता क्रम पाहून उत्तर मिळणे अशक्य आहे.

या मौनाचे परिणाम कधीकधी कठोर होतात. १९४८ सालच्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस अमेरिकेच्या भौतिकीविषयक नियतकालिकात आल्फर, बेथे आणि गॅमॉव या तिघांच्या नावे एक निबंध आला. विश्वाच्या आरंभी मूलद्रव्ये कशी घडली, हा त्याचा विषय. काम होते राल्फ आल्फर या विद्यार्थ्याच्या प्रबंधातले. मार्गदर्शक होते जॉर्ज गॅमॉव. ग्रीक वर्णमालेतील आल्फा, बीटा, गॅमा यांच्याशी यमक जुळावे, म्हणून गॅमॉव यांनी विनोदाने हान्स बेथे यांचे नाव मध्ये घातले. बेथे यांचा त्या कामात वाटा नव्हता. विनोद सर्वांस आवडला. पण एका बाजूस बेथे आणि दुसऱ्या बाजूस गॅमॉव अशी नामांकित मंडळी असता निबंधाचे श्रेय अपरिचित तरुणाकडे कोण देणार? आल्फर यांचे नाव अगदी पहिले होते, तरीही ते झाकोळले गेले. त्यांस अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञानपदक मिळाले ते २००७ साली, आयुष्याच्या अखेरच्या काही आठवड्यांत. पहिली जागा मिळाली म्हणजे श्रेय मिळाले, हा समजही यावरून खोटा ठरतो.

१९५७ सालचा दुसरा एक निबंध असाच प्रसिद्ध आहे. मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, फाउलर आणि हॉइल या चौघांनी ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्ये कशी तयार होतात ते त्यात दाखविले. नावे वर्णानुक्रमानेच आहेत. १९८३ साली या क्षेत्रातील कामाबद्दल नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग फाउलर यांस मिळाला; उरलेला अर्धा सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांस त्यांच्या ताऱ्यांविषयीच्या स्वतंत्र कामासाठी मिळाला. या विषयाचा पाया आपल्या आधीच्या स्वतंत्र लेखांनी घालणारे हॉइल त्यातून वगळले गेले, आणि त्याविषयीची हळहळ शास्त्रज्ञांत पुढेही व्यक्त होत राहिली. लेखक स्वतः बोलले नाहीत, की निवाडा बाहेरचे लोक करतात.

हे झाले थोरामोठ्यांचे. सामान्य अभ्यासकांवर काय ओढवते, याचीही मोजणी झाली आहे. लिरान आयनाव आणि लीत यारीव या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखविले, की अमेरिकेतील अग्रगण्य अर्थशास्त्र विभागांत वर्णमालेच्या आरंभीच्या अक्षराचे आडनाव असणाऱ्यांस कायम नेमणूक मिळण्याचा संभव अधिक असतो. मानसशास्त्रात नावे वर्णानुक्रमाने लावीत नाहीत. तेथे असा संबंध आढळला नाही. याचे कारण उघड आहे. दुसरे लेखक निबंधाचा उल्लेख करताना पहिले नाव लिहितात आणि बाकीच्यांची बोळवण ‘आणि इतर’ एवढ्या शब्दांत करतात. ज्याचे नाव पहिले तोच लोकांच्या कानांवर पडत राहतो. स्त्रियांच्या बाबतीत तर आणखीच निराळे दिसून आले. हीथर सार्सन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अर्थशास्त्रात पुरुषांबरोबर संयुक्तपणे लिहिलेल्या निबंधांबद्दल स्त्रियांस पुरुषांच्या मानाने कमी श्रेय दिले जाते. वाटा कोणाचा किती हे जेथे सांगितलेले नसते, तेथे वाचणाऱ्याचा पूर्वग्रह ती रिकामी जागा भरून काढतो.

आपल्या देशातही हा प्रश्न पुस्तकी नाही. विद्यापीठ अनुदान मंडळाच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधनाच्या गुणांची वाटणी ठरवून दिली गेली. दोन लेखक असल्यास प्रत्येकास ७० टक्के. दोहोंहून अधिक असल्यास पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकास ७० टक्के आणि इतरांस प्रत्येकी ३० टक्के. प्रयोगशाळेच्या शास्त्रांत यास काही अर्थ आहे. परंतु तीन प्राध्यापकांनी गणिताचा निबंध समसमान श्रमाने लिहिला आणि नावे रीतीप्रमाणे वर्णानुक्रमाने घातली, तर आपटे आडनावाच्या लेखकाचा ७० टक्क्यांवर सहज हक्क पोहोचतो, आणि वाणी आडनावाच्या लेखकास तो कागदोपत्री सिद्ध करावा लागतो. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयात नोकरी करणाऱ्या तरुणास बढतीच्या वेळी हा फरक चांगलाच जाणवेल.

मग ही रीत टाकूनच द्यावी काय? तिच्या बाजूनेही बरेच सांगण्याजोगे आहे. अमेरिकन गणित संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात म्हटले आहे, की गणितातील संयुक्त कामात कल्पनांची देवघेव अशी एकजीव झालेली असते, की तिचे व्यक्तिवार तुकडे पाडणे बहुधा शक्य नसते. हे खरे आहे. फळ्यासमोर दोघे बोलत असता कल्पना कोणाच्या तोंडून प्रथम निघाली, याला फारसे महत्त्व नसते. शिवाय क्रमाचे मोजमाप सुरू झाले, की निबंध पुरा होण्याआधीच भांडण सुरू होते. २०१५ साली हिग्ज कणाचे वस्तुमान सांगणारा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यावर ५१५४ लेखकांची नावे होती. ३३ पृष्ठांपैकी २४ पृष्ठे केवळ नावांनी व संस्थांनी भरली. एवढ्या समुदायास गुणानुक्रमे उभे करणे कोणासही साधणारे नाही. तेथे वर्णमाला हाच आधार.

म्हणून अलीकडे सुचविलेले उपाय क्रम सुधारण्याचे आणि क्रमाबाहेर बोलण्याचे, असे दोन प्रकारचे आहेत. देबराज राय आणि आर्थर रॉब्सन यांनी २०१८ साली सुचविले, की नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि तो तसा ठरविला हे दाखविण्यासाठी नावांमध्ये एक वर्तुळांकित खूण घालावी. अमेरिकेच्या अर्थशास्त्र संघाने ही पद्धत मान्य केली आहे. तिने आडनावाचा अन्याय दूर होतो. पण कोणी काय केले ते कळत नाहीच. दुसरा उपाय कामाच्या नोंदीचा. कल्पना, प्रयोग, आकडेमोड, लेखन, देखरेख अशा १४ भूमिकांची यादी करून कोणत्या लेखकाने कोणती भूमिका पार पाडली ते निबंधाच्या शेवटी छापावे, अशी पद्धत २०१४ च्या सुमारास पुढे आली आणि २०२२ साली तिला अमेरिकेत मानकाचा दर्जा मिळाला. जीवशास्त्रादी शास्त्रांत ती पुष्कळ रुजली आहे. गणितास या चौदा खणांचा साचा नीट बसत नाही, कारण तेथे प्रयोगही नाही आणि सामग्रीही नाही.

परंतु गणितास साचा नको असला, तरी चार वाक्ये जड नाहीत. अमुक प्रमेयाची पहिली सिद्धता अमक्याची, अमुक उदाहरण तमक्याने शोधले, उरलेले सर्वांनी मिळून केले, एवढे प्रस्तावनेत लिहिता येते. जेथे वाटा खरोखरच वेगळा करता येत नाही, तेथे तसेच लिहावे. तेही श्रेयच आहे. एखादा भाग एकट्याचा असेल, तर तो बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांच्याप्रमाणे स्वतंत्र लेख म्हणून आधी छापावा. ज्येष्ठ सहलेखकाने शिष्याच्या अर्जासोबत त्याच्या कामाचे स्पष्ट पत्र द्यावे. आणि नेमणूक करणाऱ्या समितीने नावांची जागा मोजण्याऐवजी उमेदवारास समोर बसवून, या निबंधात तुमचे काय, असा साधा प्रश्न विचारावा. ज्याने काम केले आहे तो पाच मिनिटांत उत्तर देतो.

हे सारे करण्याची जबाबदारी प्रथम ज्येष्ठांवर येते. हार्डी आणि लिटलवुड यांचा चौथा नियम दोन बरोबरीच्या माणसांत शोभतो, कारण तेथे देणाराही श्रीमंत आणि घेणाराही श्रीमंत. ज्यास अजून नाव मिळवावयाचे आहे, त्याच्याशी तोच नियम पाळला, तर त्याची शिदोरी आपल्या गाठोड्यात जाते. वर्णानुक्रम ठेवण्यास हरकत नाही. मात्र त्याच्या खाली काम कोणाचे ते लिहिलेले असावे. पाटणच्या शिळेवर चांगदेवाने आपल्या पूर्वजांची कामे नावानिशी कोरविली, म्हणून आठशे वर्षांनंतरही ती वाचता येतात. निबंधाच्या प्रस्तावनेतील दोन ओळींस तर छिन्नीही लागत नाही.